गोव्यात बर्फ पडत नाही, तरी हीटर रिकामा का करायचा

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल देव बरें करूं. बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचा, वॉटर हीटर बंद ठेवताना रिकामा करायचा सल्ला युरोप-अमेरिकेतला, तिथे पाण्याचा बर्फ होऊन टाकी फुटते, गोव्यात त्याचा काय संबंध. दोन, रिकाम्या टाकीला हवा लागून ती उलट जास्त गंजते. तीन, घरचा गीझर आपण वर्षानुवर्षं उघडत नाही मग गाडीतल्याचे एवढे लाड कशाला.

पहिल्यापासून घेतो. बर्फाचं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण ट्रुमा या जर्मन कंपनीच्या बॉयलरला (म्हणजे गाडीतल्या वॉटर हीटरलाच) जो फ्रॉस्टकंट्रोल व्हॉल्व्ह असतो तो बघा, साधारण ३ डिग्रीला तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी गाडीखाली सोडून देतो. म्हणजे जर्मनीत मालक विसरला तरी थंडी त्याची टाकी रिकामी करते. हरमल नाहीतर आगोंदला उभ्या असलेल्या गाडीत तो व्हॉल्व्ह आपणहून कधीच उघडणार नाही, हाताने उघडलात तरच. आणि आपल्याकडे गाडी बंद कधी राहते? पावसात. जूनला ताडपत्री घालून ठेवली की दिवाळीच्या सुमाराला बाहेर काढायची. तोपर्यंत टाकीत तेच पाणी, कोमट, अंधारात, हलत नाही काही नाही.

लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो तो नेमका अशाच पाण्यात, साधारण २५ ते ४५ डिग्रीच्या मध्ये. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन होतं, तिथे न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या वर्षी हा जंतू सापडला. तो पोटातून त्रास देत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की देतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण गाडीत वयस्कर आईवडील असतील, कोणी सिगरेट ओढणारं असेल, तर पावसानंतरचा पहिला शॉवर त्यांना जुन्या पाण्याचा देऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी कळकळीने सांगतोय. थंड देशात पाणी निदान सहा महिने गार तरी असतं, आपल्याकडे बाराही महिने त्याच पट्ट्यात. म्हणून मी म्हणतो की रिकामं करायची गरज गोव्यात जास्त आहे, फक्त कारण वेगळं आहे.

यातच तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आलं. घरचा गीझर रोज वापरतो, पाणी रोज बदलतं, आणि थर्मोस्टॅट बहुतेक ६०च्या आसपास असतो. गाडीत ताज्या पाण्याच्या टाकीतच पाणी कित्येक दिवस पडून असतं, तिथून ते हीटरमध्ये येतं. वर ट्रुमा कॉम्बीसारख्या हीटरवर ४० आणि ६० अशी दोन सेटिंग असतात, गोव्यात ४०वर आंघोळ मस्त होते म्हणून लोक ६०ला हातच लावत नाहीत. मधूनमधून ६०वर नेऊन थोडा वेळ ठेवा, मग सगळ्या नळांतून गरम पाणी सोडा, शॉवरचा पाइप धरून. फक्त हात सांभाळा, ६०चं पाणी काही सेकंदांत भाजतं.

आता गंजाचं, कारण तुमचा हा मुद्दा वजनदार आहे आणि यावर नेटवर नीट कोणी लिहीत नाही. सबर्बनसारख्या अमेरिकन हीटरची टाकी लोखंडी असते, आत काचेसारखा लेप, आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड. रॉड स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते, पण तो काम करतो ते पाण्यात बुडलेला असतानाच. टाकी अर्धवट रिकामी, तळाला चार बोटं पाणी आणि वर दमट हवा, ही सगळ्यात वाईट अवस्था, तिथे तुम्ही म्हणता तसंच होतं. त्यामुळे दर आठवड्याला गाडी वापरत असाल तर भरलेलीच ठेवा, उगाच रिकामी करू नका. महिनोन् महिने बंद ठेवणार असाल तर मात्र पूर्ण रिकामी, गाळ धुवून काढलेली, आणि आतून सुकेपर्यंत तोंड उघडं. अधलंमधलं काही नको. स्टेनलेस स्टीलच्या टाकीला ॲनोड लागत नाही. ॲटवूड कंपनीची टाकी ॲल्युमिनियमची, तिलाही नाही, तिथे प्लॅस्टिकचा प्लग असतो तोच ठेवायचा.

शिवाय आपलं पाणी बघा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी, त्यात लोह. क्षार साचून हीटर चोंदण्याची तक्रार इथे कमीच, इथे धातू खाल्ला जातो, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ झाल्या की अजूनच. चोर्ला घाट चढून बेळगाव किंवा पुढे सोलापूरकडे गेलात आणि बोअरचं पाणी भरलंत की उलटं, जड पाणी, एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कॉइलवर) पांढरा थर. तेव्हा व्हिनेगर पाण्यातून आत घालून काही तास ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवून काढायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू होतो. एका जागच्या गाडीसाठी एकच नियम चालेल, फिरत्या गाडीला पाणी कुठलं भरलं ते बघावं लागतं.

पाणी काढायची पद्धत तुम्ही 'अवघड' म्हणालात, तशी ती नाही. गॅस आणि करंट दोन्ही बंद, पंप बंद, आणि पाणी गार होईपर्यंत थांबायचं, हे थांबणं महत्त्वाचं कारण आत दाब असतो. मग गरम नळ उघडून दाब सोडायचा, हवा आत जायला तो उघडाच ठेवायचा, गरम-थंड एकत्र देणारा मिक्सर नळ असेल तर दांडी मध्यावर. सबर्बनचा रॉड हाच ड्रेन प्लग, २७चा सॉकेट पाना बसतो. रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा, आट्यांना टेफ्लॉन टेप. परत पाणी भरून नळातून सलग धार येईपर्यंत इलेक्ट्रिक चालू करायचं नाही, कोरडा एलिमेंट लगेच जळतो. पाणी वाया जातं म्हणालात तर छोट्या बॉयलरमध्ये १० लिटर असतं, ६ गॅलनवाल्यात २३च्या आत, ब्लीच घातलेलं नसेल तर माडाच्या मुळात सोडा.

पावसानंतर पहिल्या नळाला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ती मॅग्नेशियम रॉड आणि पाण्यातल्या जंतूंची करामत, ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड लावून बघा. भरलेल्या टाकीत रॉडमुळे हायड्रोजन हा पेट घेणारा वायूही साठू शकतो, म्हणून दोनतीन आठवडे बंद असलेल्या गाडीत विडी, शेगडी काही न पेटवता आधी गरम नळ काही मिनिटं सोडायचा. आणि गॅसचा हीटर असेल तर धुराच्या तोंडात डोकवा, कुंभारीण माशी पावसात तिथे चिखलाचं घरटं बांधते आणि धूर अडला की कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासही नसतो.

तुमच्या ट्रॅव्हलर गाडीमधला १५ लिटरचा घरगुती गीझर सीटखाली आडवा बसवलाय असं लिहिलंत, मला सगळ्यात काळजी त्याची वाटते. तो उभा बसवायचा मॉडेल असेल तर आडवा चालत नाही, आत हवेचा कप्पा राहतो, एलिमेंट उघडा पडू शकतो आणि पाणीही पूर्ण निघत नाही. शिवाय इनलेटच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये नॉन रिटर्न असतो, म्हणजे पाणी उलटं जाऊ देत नाही, त्यामुळे थंड नळ उघडून तो रिकामा होणार नाही, त्या व्हॉल्व्हची दांडी उचलावी लागते किंवा इनलेटचा पाइप सोडावा लागतो. अंगावरच्या लेबलवर उभा का आडवा ते लिहिलेलं असतं, ते वाचून कळवा, आणि तोवर त्याचा स्विच लावू नका.