‘लस खरी असती तर टाटामध्ये दिली नसती का?’

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस हा कंपन्यांचा धंदा आहे, तिने पुढे मूल होत नाही, आंध्रात ती टोचून सात मुली दगावल्या, चांगल्या घरच्या मुलींना तिची गरजच नाही, आणि ती खरी असती तर टाटा हॉस्पिटलमधल्या कॅन्सरच्या पेशंटना दिली नसती का? खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच सगळ्यात बिनतोड वाटतो. हा कॅन्सर होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. या लसीत असतं ते त्या विषाणूचं नुसतं बाहेरचं कवच, एल-1 नावाच्या प्रथिनाचं. आत विषाणूचा डीएनए नाही, म्हणजे लसीतून संसर्ग व्हायचा प्रश्नच नाही. शरीर ते कवच ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवतं. कॅन्सर झालेल्या पेशींवर मात्र हे कवच नसतंच. तिथे विषाणूची ई-6 आणि ई-7 ही दोन वेगळी प्रथिनं धुमाकूळ घालत असतात. मग कवच ओळखणाऱ्या अँटिबॉडीज तिथे पकडणार काय? ई-6, ई-7 वर नेम धरणाऱ्या उपचाराच्या लसी निराळ्या. त्यांच्या चाचण्या चालू आहेत. पोलिओ झालेल्या मुलाला पोलिओच्या डोसाने चालता येत नाही, म्हणून डोस खोटा असं कोणी म्हणत नाही.

आता आंध्र. 2009 मध्ये खम्मम (आज तेलंगणात) आणि वडोदऱ्यात शाळकरी मुलींना ही लस दिली गेली आणि सात मुलींच्या मृत्यूनंतर 2010 मध्ये कार्यक्रम थांबला. मृत्यू लसीने झाले असं चौकशीत निघालं नाही. कोणी बुडालं होतं, कोणाला साप चावला होता, कोणी कीटकनाशक प्यायलं होतं. पण आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने संमतीवर सह्या केल्या, हे खरं आहे. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर सडकून टीका केली आणि ती योग्यच होती. मेसेज नेमकी हीच गोष्ट गाळतो.

त्याच गोंधळात दोन डोस पुरतात की तीन लागतात, हा भारतात चाललेला दुसरा अभ्यासही अर्धवट थांबला. बार्शी-पुण्यापासून मिझोरमपर्यंतच्या हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि 2021 मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्हीच्या 16 आणि 18 या घातक प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही जवळपास तितकाच रोखला जातो. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला.

वंध्यत्वाला पुरावा नाही. उलट कॅन्सर झाला तर अनेकदा गर्भाशयच काढावं लागतं.

‘चांगल्या घरच्या मुली’ हा मुद्दा तर निव्वळ चोंबडेपणा. एचपीव्ही इतका सर्रास आढळतो की आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो, नवऱ्याकडून. नऊ ते चौदा हे वय सांगतात ते विषाणूशी गाठ पडण्याआधी तयारी व्हावी म्हणून.

धंदा? आहेच, कंपनी लस फुकट बनवत नाही. पुण्याच्या सीरमच्या सर्वाव्हॅक या एचपीव्ही लसीला 2022 मध्ये परवानगी मिळाली आणि एका डोसची किंमत दोन हजारांच्या घरात ठरली. विचारायचं ते एवढंच, की उपयोग होतो का? स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी आढळला. आणि विषाणूजन्य कॅन्सर टाळणारी एक लस हेच ग्रुपवाले आपापल्या बाळांना केव्हाच देऊन बसलेत: हिपॅटायटिस बीची, सरकारी दवाखान्यात मोफत. तैवानने ती 1984 मध्ये सुरू केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला.

एक गोष्ट लसीच्या बाजूचे लोकही अनेकदा सांगत नाहीत. लस मुख्यतः ज्यांना अडवते त्या 16 आणि 18 या प्रकारांमुळे मिळून सुमारे 70 टक्केच गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात, तेव्हा लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, 2009 मध्ये, दिसलं की एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.