सिलिंडरचा जोर जातो कुठे?
‘स्पिंडलवर हवेचा सिलिंडर बसवला की पॉवर ड्रॉबार तयार’ हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. पॉवर ड्रॉबार म्हणजे मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या दांड्यात) टूल ओढून धरणारी आणि हवेच्या जोराने ते सोडणारी यंत्रणा. ८० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार दाबावर सुमारे ३०० किलोचा जोर देतो आणि तो मशीनच्या हेडला पक्का जखडलेला असेल, तर टूल सोडण्यासाठी डिस्क स्प्रिंगा (टूल ओढून धरणाऱ्या बशीच्या आकाराच्या चकत्या) दाबताना हा सगळा जोर स्पिंडलच्या बेअरिंगांवर येतो. उद्यमनगरातील माझ्या छोट्या मिलिंग मशीनवर मी हीच चूक केली आणि काही महिन्यांतच बेअरिंग आवाज करू लागले. पुढे सिलिंडर तरंगता ठेवून, टूल सोडताना त्याची पकड स्पिंडलच्याच कॉलरवर (कड्यावर) येईल अशी रचना केली, तेव्हा ती कटकट थांबली.

शिवाय मोर्स टेपर (टूल बसवण्याचा कमी उताराचा, स्वतःच घट्ट रुतणारा शंकू) असेल, तर स्प्रिंगचा ताण काढल्यावरही टूल आत घट्ट राहते; त्याला वरून ठोका द्यावाच लागतो, नाहीतर टूल चेंजर (टूल आपोआप बदलणारी यंत्रणा) रिकाम्या हाताने परततो.