खुलासा: कुत्र्याच्या केकमध्ये ‘शुगर-फ्री’ पीनट बटर नको

‘कुत्र्याच्या वाढदिवसाच्या केकमध्ये शुगर-फ्री पीनट बटर घाला, साखरेपेक्षा बरं,’ असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका. अशा काही बरण्यांत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ, असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र एकदम इन्सुलिन सुटतं आणि अनेकदा तासाभरातच रक्तातली साखर धोकादायक खाली येते. उलट्या, झोकांड्या, झटके. कधी यकृतही निकामी होतं. पशुवैद्य हे नेहमी बजावतात. मी पाहिलेल्या बरणीवर पुढे ठळक ‘शुगर-फ्री’ होतं, झायलिटॉल मागे बारीक अक्षरांत. ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ म्हणजेही तेच. नुसत्या शेंगदाण्यांचं बिनमिठाचं बटर चमचाभर घाला, गोडीला पिकलेलं केळं पुरे. तो मेसेज पुढे पाठवू नका. केक आधीच खाऊन झाला असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन करा.