सदतीस मीटर तिकडं

आमच्या घरात मी कम्प्युटरमधला. कम्प्युटरमधला म्हणजे नेमकं काय करतो हे घरच्यांना कधी समजलं नाही आणि मलाही कधी धड सांगता आलं नाही, पण गावाने त्याचा सोपा अर्थ काढला की ज्या वस्तूला वायर, बटण नाहीतर काच आहे ती सगळी माझ्या खात्यात. टीव्हीचा रिमोट, इन्व्हर्टर, फवारणीचा बॅटरीवाला पंप. एक काकू तर बीपीचं मशीन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे जास्त दाखवते, थोडं कमी करून दे. मी लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं पळत असतात, त्यामुळे पोरांची खात्री आहे की याचा स्वतःचाच लॅपटॉप बिघडलेला आहे आणि हा आपला काय दुरुस्त करणार.

तर सप्टेंबरची गोष्ट. सातबाऱ्यावर पीक चढवायचं होतं. पूर्वी हे काम पटवारी करायचा, आता शेतकऱ्याने स्वतःच वावरात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पाठवायचा. विमा, नुकसानभरपाई, कापूस विकायचं, सगळं त्या नोंदीवर अडकलेलं, म्हणून सकाळी सहालाच मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, दारात हजर. पायात चिखलाचे बूट, हातात मोबाइल, तोही असा धरलेला जणू इंचू पकडलाय.

"चाल बे बाबू, हे काय म्हनून राह्यलं पाय."

आमच्या पंजोबांचं एक सलग वावर होतं. त्याच्या वाटण्या होत होत आता उभे पट्टे उरलेत, एकेक पट्टा तीसेक मीटर रुंद, रस्त्यापासून सुरू होतात आणि एकाला एक लागून नाल्यापर्यंत जातात. पहिला मोठेबाबांचा, दुसरा त्यांचे चुलत भाऊ नानाकाकांचा, मग आणखी तिघांचे, आणि शेवटी नाल्याच्या काठाला आमचा. बाबांना वाटणीत उशिरा पोचायची सवय होती, त्याचा हा परिणाम. मोठेबाबा आणि नानाकाका यांच्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद आहे, दोन तासांचा. घड्याळातले तास नाही, पराटीचे, म्हणजे कपाशीच्या ओळी. माझ्या जन्माच्या आधीपासून दोघंही म्हणतात की समोरच्याने दोन तास दाबले, आणि दरवर्षी नांगरणीत तो धुरा कधी इकडून कोरला जातो कधी तिकडून, त्यामुळे बिचारा बारीक होत होत आता बकरीसुद्धा त्याच्यावर एका रांगेतच चालते.

आम्ही रस्त्याच्या कडेला मोठेबाबांच्या पराटीत उभे राहिलो. कमरेएवढी पराटी, पाती लागलेली. ॲप उघडलं, गट नंबर निवडला, आणि ॲप म्हणालं की तुम्ही तुमच्या गटापासून ३७ मीटर दूर आहात.

मोठेबाबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी माह्या वावरात हाओ का नाई?"

"आहे ना मोठेबाबा."

"मंग याले कोन सांगन?"

ॲप अंतर सांगतं, दिशा सांगत नाही. म्हणून मी मोबाइल समोर धरून चालायला लागलो. तीस, बावीस, पंधरा, धुऱ्यावर पोचलो तेव्हा सात, आणि धुरा ओलांडून नानाकाकांच्या पराटीत दहा पावलं आत गेलो तेव्हा कुठे ते साहेब राजी झाले आणि म्हणाले आता फोटो काढा. मला आनंद झाला कारण माझ्यापुरता प्रश्न सुटला होता. मागे वळून पाहिलं तर मोठेबाबा धुऱ्यावर उभे, आणि चेहरा असा जसा कोर्टाचा निकाल लागलाय.

"म्हंजे आपली जागा तिकडं हाय. तो नान्या सदतीस मीटर खाऊन बसला. मी दोन तासच म्हनत होतो!"

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण कम्प्युटरमधल्या माणसाला कोणी चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय जेवण जात नाही. मी तिथेच बांधावर बसून त्यांना जीपीएस समजावलं. म्हटलं, उपग्रह तुमचं वावर पाहत नाही, त्याला डोळेच नाहीत, तो वीस हजार किलोमीटरवरून फक्त सांगतो की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले. ते ऐकायला मोबाइलला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तुम्ही नाही का, इज चमकली की गडगडेपर्यंत मोजता, तीन मोजले तर एक किलोमीटर, तसंच.

मोठेबाबा चौथी शिकलेत. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे चार जागी इजा चमकल्या आन चारीचा गडगडाट मोजला, तर मी कुठं उभा हाओ ते समजन."

मी थक्क झालो. हेच समजायला मला कॉलेजात एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. त्या आनंदात मी आइनस्टाइनपर्यंत पोचलो. सांगितलं की वरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तेवढ्यात प्रकाश अकरा किलोमीटरच्या वर जातो, म्हणून ती मुद्दाम हळू चालतील अशी बनवून वर सोडतात, नाहीतर उद्या सकाळी तुमचं वावर शेजारच्या गावात दिसलं असतं.

"आपून एस्टीसाठी घड्याळ धा मिनट पुढं ठेवतो," मोठेबाबा म्हणाले, "ते मांगं ठेवते. ठीक हाय. पन नान्यानं सदतीस मीटर खाल्ले त्याचं काय?"

संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. उपग्रहाने मोजणी केली आणि नानाकाकांचा पूर्ण पट्टा मोठेबाबांचा निघाला, अशी. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर, आणि मोठेबाबा एका पॅनलचे तर नानाकाका दुसऱ्या, म्हणजे आता उपग्रहालाही पार्टी होती. नानाकाका बाकावर बसून पानाला चुना लावत होते. शांत आवाजात म्हणाले, "काय गा इंजिनेर, कोन्या देशाचा उपग्रह होय तो?"

मी म्हटलं जीपीएस अमेरिकेचं. आणि प्रामाणिकपणाचा झटका आला म्हणून हेही सांगून टाकलं की मे २००० पर्यंत अमेरिका साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये जाणूनबुजून चूक घालायची, शंभर मीटरपर्यंत, आणि मग क्लिंटन यांनी ती बंद करायला लावली.

"घ्या!" एकजण म्हणाला. "म्हंजे पटवारी तिकडंही असते."

मी घाईघाईने म्हटलं की आता तसं काही नाही, आणि आता एकट्या अमेरिकेवर कोणी अवलंबून नसतं. पुरावा म्हणून मोबाइलवर उपग्रह दाखवणारं ॲप उघडलं, ज्यात प्रत्येक उपग्रहापुढे देशाचा झेंडा असतो. माझ्या आयुष्यातल्या चुकांची यादी केली तर हा झेंडा वरच्या तीनमध्ये येईल. रशियाचा ग्लोनास दिसला, युरोपचा गॅलिलिओ दिसला, आणि त्यांच्यात पाच-सहा लाल झेंडे. बायदू. त्यांची जगभराची व्यवस्था २०२० मध्ये पूर्ण झाली वगैरे मी सांगत होतो पण ऐकायला कोणी नव्हतं.

"चीन?" नानाकाका उठूनच उभे राहिले. "अबे तो तिकडं वरतं देशाचा धुरा कोरून राह्यला, आन तू त्याच्या भरवशावर माह्या धुऱ्याचा निकाल लावून राह्यला?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. कोणीतरी विचारलं आपला स्वतःचा नाही का, तर मी म्हटलं आहे की, इस्रोचा, नाविक, २०१६ मध्ये नाव ठेवलं त्याचं, पण माझ्या मोबाइलच्या चिपला तो पकडता येत नाही. यावर जी शांतता पसरली तिच्यात माझी सगळी देशभक्ती मोजली गेली आणि सदतीस मीटर कमी भरली.

विषय बदलायला मी लॅम्बटनचा किस्सा काढला. म्हटलं मोजणीचं काय घेऊन बसलात, विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज १८०२ मध्ये मद्रासपासून अख्खा हिंदुस्थान मोजायला निघाला, अर्ध्या टनाचं यंत्र लोकांच्या खांद्यावर घेऊन डोंगरावर चढवायचा, वीस वर्षं मोजत मोजत वर आला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटात वारला. पुढचं काम एव्हरेस्टने केलं ज्याचं नाव शिखराला दिलं. इथून एस्टीने तास लागतो, त्याची कबर आहे तिथे.

पानठेलेवाला इतका वेळ काहीच बोलला नव्हता. सुपारी कातरत म्हणाला, "मोजनीच्या तारखेची वाट पायता पायता मेला असन."

दुसऱ्या दिवसापासून घरी रांग. ज्यांचा ज्यांचा कोणाशी धुऱ्याचा वाद होता ते सगळे आले, आणि आमच्या गावात ज्याचा वाद नाही असा एकच माणूस आहे, त्याच्याकडे वावर नाही. दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन गेले आणि दोघांनीही दारातच हळू आवाजात सांगितलं की जरा माझ्याकडून दाखवजो. जणू मी उपग्रहाला ओळखतो.

शेवटी मी ठरवलं की प्रयोगच करून दाखवायचा. रविवारी दोन्ही पार्ट्यांना धुऱ्यावर बोलावलं, मधोमध दगड ठेवला, दगडावर मोबाइल, आणि त्यात तो कुठे कुठे जातो याची रेघ काढणारं ॲप चालू केलं. तासभर कोणी हात लावायचा नाही. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचं जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं करतं, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू. चहा आला, मुरमुरे आले. मोबाइल दगडावरून हलला नाही, पण त्याची रेघ मात्र दावणीच्या बकरीसारखी फिरत राहिली, चार मीटर नानाकाकांकडे, मग पाच मीटर मोठेबाबांकडे, मग पुन्हा वापस. रेघ पलीकडे गेली की नानाकाकांची माणसं ओरडायची, अलीकडे आली की मोठेबाबांची. भारत-पाकिस्तान मॅचला एवढी गर्दी नसते.

तास संपला. मोठेबाबा स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "याले सोतालेच ठाव नाई हा कुठं हाय."

"आन आपून याच्यापायी भांडून राह्यलो," नानाकाका म्हणाले.

दोघंही हसले. मग दोघंही माझ्याकडे पाहून हसले, ते हसणं वेगळं होतं.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मोबाइलची चूक पाच मीटरची, मग सदतीस कुठून आले? मी नानाकाकांच्या वावरात त्यांच्या गटाचा नंबर टाकला, सदतीस. पुढच्या पट्ट्यात गेलो, सदतीस. त्याच्या पुढे, पुन्हा तेवढेच, दोन-चार इकडंतिकडं, आणि सगळे एकाच दिशेला, नाल्याकडे. म्हणजे कोणी कोणाचं काही खाल्लं नव्हतं. गावाचा जुना कागदी नकाशा कम्प्युटरमध्ये घेऊन पृथ्वीवर ठेवताना कोणाचा तरी हात थोडा सरकला असणार, आणि त्याच्याबरोबर आमचं अख्खं शिवार सदतीस मीटर नाल्याकडे सरकलं.

हे समजल्यावर कोणी अर्ज-बिर्ज करायच्या भानगडीत पडलं नाही, नोंदीची मुदत चार दिवसांवर आली होती. मोठेबाबांनी नानाकाकांच्या पराटीत उभं राहून स्वतःच्या पराटीचा फोटो काढला. नानाकाका धुऱ्यावरून ओरडत होते, "पाय पाहून ठेवा, पाती झडून राह्यली!" मग नानाकाका पुढच्याच्या वावरात गेले, त्याच्याशी त्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं, पण गेले आणि तिथे चहासुद्धा प्याले. तो त्याच्या पुढच्यात. असे सगळे एकेक घर सरकले.

आणि शेवटचा पट्टा आमचा. मी आमच्या गटाचा नंबर टाकला आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नाल्याला सप्टेंबरचं पाणी होतं, खाली गाळ. मोबाइल डोक्यावर धरून एकेक पाऊल टाकत गेलो, नऊ, सहा, चार. काठावर मोठेबाबा आणि नानाकाका खांद्याला खांदा लावून उभे.

"अजून थोडा मंधात जाय," मोठेबाबा म्हणाले.

मी गेलो. पाणी मांडीपर्यंत आलं आणि ॲपने परवानगी दिली. लांबून दिसणाऱ्या आमच्या पराटीचा फोटो काढला, पाठवा दाबलं. गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग अक्षरं आली की पिकाचा फोटो स्पष्ट नाही, कृपया पिकाच्या जवळ जाऊन काढा.