ओडिसीतला पाहुणचार केला कुणी?

होमरचं ग्रीक महाकाव्य ओडिसी वाचलेल्या कुणालाही विचारा की वाचताना कुठे रडायला आलं, तर बहुतेक जण आर्गोसचं नाव घेतील. ट्रॉयच्या युद्धावर गेलेला मालक ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी येतो, दारातल्या शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेला म्हातारा कुत्रा पडलेला असतो, तो मालकाला ओळखतो, शेपटी हलवतो आणि जीव सोडतो. मीही रडले होते, दरवेळी रडते. पण या वेळी वाचताना त्याच सीनमधल्या एका वाक्यावर अडकले. कुत्र्याची ही दशा का झाली तर डुकरं राखणारा युमेयस सांगतो, घरातल्या बायका निष्काळजी आहेत, त्याच्याकडे बघत नाहीत. मालकाचा धाक गेला की गुलाम धड काम करत नाहीत, असं तो म्हणतो, आणि म्हणणारा हा युमेयस स्वतः गुलाम, लहानपणी पळवून आणून विकलेला राजपुत्र.

याच घरातल्या बारा बायकांना बाविसाव्या सर्गात फासावर लटकवलं जातं, त्यांच्यासाठी रडल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना मीही तो भाग भरभर पुढे ढकलला होता.

म्हणून यंदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. ओडिसीचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं होतं तर झेनियाचं, म्हणजे पाहुणा आणि यजमान यांच्या नात्याचं. पाहुणे आणि भिकारी सगळे देवांचा राजा झ्यूस याच्याकडून येतात, आधी जेवू घाला मग नावगाव विचारा, जाताना भेटवस्तू द्या. वाचताना आपल्याला लगेच ‘अतिथी देवो भव’ आठवतं आणि छान वाटतं. मी फक्त एवढंच केलं की पाहुणा आला की प्रत्यक्ष हात कुणाचे हलतात तिथे खूण करत गेले. आणि तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात हो! एक बाई सोन्याच्या झारीतून चांदीच्या पात्रावर हात धुवायला पाणी ओतते, शेजारी घासलेलं टेबल मांडते, दुसरी भाकरी आणून वाढते. पाण्याखाली जाळ घालायचा, पाहुण्याला अंघोळ घालायची, अंगाला तेल चोळायचं, व्हरांड्यात अंथरूण करायचं, बहुतेक सगळं याच बायका करतात. यजमान काय करतो तर ‘या, बसा’ म्हणतो आणि उदार म्हणून नाव कमावतो.

आता या बायका कोण? मराठीत आपण पटकन ‘दासी’ लिहून मोकळे होतो, आणि दासी म्हटलं की पौराणिक मालिकेतली फुलांचं तबक घेऊन उभी असलेली नटलेली मुलगी डोळ्यासमोर येते. ग्रीक शब्द ‘द्मोआय’, म्हणजे मालकीच्या बायका. आपल्याकडे यासाठी खरा शब्द आहे, पेशवाईच्या कागदपत्रांत विकत घेतलेल्या बायकांना कुणबीण म्हणत, बटीक म्हणत, आणि त्यांच्या किमतीही लिहून ठेवलेल्या आहेत. होमरसुद्धा किमती सांगतो. ओडिसियसला लहानाचं मोठं करणारी युरिक्लिया त्याच्या बापाने वीस बैलांच्या मोलाला घेतलेली. होमरच्याच इलियडमध्ये पॅट्रोक्लस या योद्ध्याच्या अंत्यविधीला कुस्ती लागते, जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या किमतीची मोठी तिवई आणि हरणाऱ्याला एक बाई, अनेक कामांत तरबेज, किंमत चार बैल. तिवईच्या एक तृतीयांश. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि या येतात कुठून? ट्रॉयहून निघाल्यावर ओडिसियस पहिला मुक्काम करतो इस्मारोसला, आणि तो स्वतःच्या तोंडाने सांगतो की गाव लुटलं, पुरुष मारले, त्यांच्या बायका आणि माल आम्ही सगळ्यांत सारखा वाटून घेतला. म्हणजे हा माणूस पुढे दारोदार पाहुणा म्हणून उभा राहतो तेव्हा त्याच्या हातावर पाणी ओतणारी बाई अशाच कुठल्यातरी लुटलेल्या गावातली असू शकते. होमरला हे कळत नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही, कारण आठव्या सर्गात ट्रॉयचं गाणं ऐकून ओडिसियस रडतो तेव्हा त्याच्या रडण्याला उपमा कुणाची दिलीय तर नवऱ्याच्या प्रेताला मिठी मारून रडणाऱ्या बाईची, जिच्या पाठीत शत्रू भाल्याने ढोसतायत आणि गुलामीत ओढून नेतायत. विजेत्याच्या रडण्याला हरलेल्या बाईचं रडणं!

आता त्या बारा जणी. घरात पन्नास बायका आणि डोक्यावर बसलेले एकशेआठ मागणीवाले पुरुष, म्हणजे ओडिसियस मेला असं धरून त्याच्या बायकोला मागणी घालत त्याच्याच घरात ठाण मांडलेले, तीन वर्षांहून जास्त काळ. या पुरुषांना वाढा, त्यांचं खरकटं काढा हे रोजचं. त्यातल्या बारा जणी त्यांच्याबरोबर झोपल्या हा गुन्हा. आता काही जणी स्वतःहून गेल्याही असतील, मेलांथो नावाची एक तर मागणीवाल्यांतल्या युरिमाकसवर प्रेम करते असं कवीच सांगतो आणि ती भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियसला वाटेल ते बोलतेही. पण त्याच बाविसाव्या सर्गात पहिल्या बाणाने एका मागणीवाल्याला मारल्यावर ओडिसियस बाकीच्यांवर काय आरोप करतो? तुम्ही माझ्या घरातल्या बायकांबरोबर जबरदस्तीने झोपलात. ‘बियाइओस’, बळजबरीने, त्याचाच शब्द. म्हणजे पुरुषाला जाब विचारताना तो बलात्कार आणि चारशे ओळींनंतर बायकांना शिक्षा देताना ती बेईमानी. मला यातून काही केल्या बाहेर पडता येत नाही. जिचं शरीरच दुसऱ्याच्या मालकीचं तिने पाहुण्याला ‘नाही’ कसं म्हणायचं होतं, कुणाच्या जिवावर?

‘तेव्हाचा काळच तसा होता’ हे उत्तर मला ठाऊक आहे आणि काळ तसा होताच. ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यात सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व १२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर शेकडो बायका आणि त्यांच्या पोरांची नोंद आहे, मिलेटसच्या, लेम्नोसच्या, आणि पुढे शिधा, धान्य इतकं, अंजीर इतके. लोकशाहीच्या अथेन्समध्ये गुलामाची साक्ष कोर्टात चालायची ती छळ करून घेतली असेल तरच. झेनोफोन या ग्रीक लेखकाच्या ग्रंथातला घरधनी नव्या बायकोला घर दाखवताना सांगतो की गुलाम बायकांच्या आणि पुरुषांच्या खोल्यांमध्ये कडी लावलेलं दार ठेवलंय, आपल्या परवानगीशिवाय त्यांना पोरं होऊ नयेत म्हणून. सगळं मान्य. पण ‘तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं’ हे म्हणताना आपण त्या ‘कुणाला’मध्ये बायकांना धरतच नाही.

त्यांना वाटत होतं, आणि तसं म्हणणारी एक बाई ओडिसीतच आहे. विसावा सर्ग, पहाट व्हायचीय. घरात बारा बायका गहू आणि जव दळायला, अकरा जणी दळण संपवून झोपल्यात, एक राहिलीय, सगळ्यात अशक्त. तिचं दळण अजून चालूच. इथे आपलं गोल जातं डोळ्यासमोर आणू नका, तिथली जुनी पद्धत पाटा-वरवंट्यासारखी, गुडघ्यावर बसायचं आणि वरचा दगड पुढे-मागे रेटत राहायचा. निरभ्र आकाशात ढग गडगडतो, ती दगड थांबवते आणि झ्यूसला म्हणते, ज्यांचं पीठ दळून दळून माझे गुडघे गेले त्यांचं हे शेवटचं जेवण असू दे. तिला नाव नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या त्यात सासर होतं, माहेर होतं, भाऊ होता, विठ्ठल होता. हिच्याकडे एवढी एकच ओवी. ओडिसियस ती ऐकतो आणि खूश होतो, कारण त्याच्यासाठी तो शुभशकुन आहे. तिच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं ते काव्यात नाही.

मागणीवाले मेल्यावर त्या गुन्हेगार ठरवलेल्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर न्यायला लावतात, टेबल-खुर्च्या पाणी आणि स्पंजने पुसायला लावतात. शेवटचं खरकटंही त्यांनीच काढायचं. ओडिसियसने तलवारीने मारा सांगितलेलं असतं पण त्याचा मुलगा टेलेमाकस म्हणतो यांना स्वच्छ मरण नको, आणि जहाजाचा दोर उंच बांधतो, जमिनीला पाय टेकू नयेत इतका. काही इंग्रजी भाषांतरांत त्याच्या तोंडी या बायकांसाठी घाण शिव्या घातल्यात, मूळ ग्रीकमध्ये तिथे शिवी नाही, नुसतं ‘ज्या’ आहे. जाळ्यात अडकलेल्या पक्ष्यांसारख्या त्या ओळीने लटकतात आणि कवी लिहितो, पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही.

उरल्या अडतीस. त्याच रात्री, बाहेरच्यांना कत्तलीचा पत्ता लागू नये, घरात लग्न आहे असं वाटावं म्हणून ओडिसियस गायकाला वाजवायला सांगतो आणि त्या अडतीस जणींना चांगले कपडे घालून नाचायला. त्या नाचतात. तेविसाव्या सर्गात ओळ आहे की त्यांच्या आणि नाचणाऱ्या पुरुषांच्या पावलांनी सगळं घर घुमलं, आणि घुमण्यासाठी तिथे जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा दुसरा अर्थ कण्हणं असा होतो.