टॉवरशिवाय होम थिएटर होत नाही, हे खरं नाही

होम थिएटरबद्दल कुणी सल्ला विचारला की एक ठरलेला मजकूर पुढे येतो. त्यात म्हटलेलं असतं की पुढचे दोन मुख्य स्पीकर टॉवरच (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) हवेत, बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर) फक्त मागे लावायचे. कारण बुकशेल्फला बेस, म्हणजे खर्ज, नसतो, मोठ्या आवाजात ते दमतात, सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारी वेगळी पेटी) जोडणं म्हणजे ठिगळ लावणं, आणि ज्यांनी ते पुढे लावून पाहिले त्यांना डब्यातून आल्यासारखा आवाज मिळाला. हे वाचून लोक खोलीला न झेपणारे टॉवर आणतात. त्यातच पैसे संपतात आणि सबवूफर ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो. माझा खरा आक्षेप या ‘नंतर बघू’लाच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बुकशेल्फला बेस नसतो.’ साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाचा) चांगला बुकशेल्फ साधारण ५० ते ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरतो, त्याखाली त्याचा आवाज झपाट्याने पडतो. इथवर दावा बरोबर आहे. पण होम थिएटरमध्ये त्याखालचं काम त्याच्याकडे असतंच कुठे? रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) क्रॉसओव्हर, म्हणजे ही वाटणी जिथे होते तो आकडा, ८० हर्ट्झला ठेवला (सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनेही हाच आकडा प्रमाण मानला आहे) की त्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो. ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) मधला ‘.१’, म्हणजे एलएफई नावाचा वेगळा चॅनेल, तर खास खर्जासाठीच असतो. तो १२० हर्ट्झपर्यंत जातो आणि त्याला बाकीच्या चॅनेलपेक्षा १० डेसिबल जास्त वाव दिलेला असतो. ते काम टॉवरवर टाकलं तर तोही घामाघूम होतो.

याचं कारण साधं आहे. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचं तर वूफरच्या कोनला (आवाज काढणाऱ्या शंकूला) चौपट आत-बाहेर व्हावं लागतं. ८० हर्ट्झवरून ४० वर आलात की चौपट, २० वर गेलात की सोळापट. टॉवरची पेटी कितीही उंच असली तरी आत बहुधा त्याच साडेसहा इंचाचे दोन वूफर असतात. एका १२ इंची सबवूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या जवळपास साडेतीन पट भरतं, आणि त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो तो वेगळाच.

हे डोळ्यांनी पाहता येतं. बुकशेल्फची जाळी काढा, रिसीव्हरमध्ये तो ‘लार्ज’ करा, म्हणजे खर्जही त्यालाच द्या, आणि खर्जाचा भरपूर मारा असलेला एखादा प्रसंग लावा. कोनची कड धूसर दिसेल इतका तो हलतो, आणि त्याच वेळी मागे वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा आवाज घोगरा होतो, कारण तीही त्याच कोनमधून येत असतात. आता ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झ निवडा आणि तोच प्रसंग पुन्हा लावा. कोन जवळजवळ शांत दिसतो आणि तंतुवाद्यं मोकळी होतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बराच वेळ दोन्ही सेटिंग आलटून पालटून ऐकत बसलो होतो. ‘स्मॉल’ हा शब्द लोकांना कमीपणाचा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की खर्ज दुसरीकडे पाठवा. सबवूफर असेल तर टॉवरसुद्धा बहुतेक वेळा ‘स्मॉल’वरच ठेवावेत.

‘सबवूफर म्हणजे ठिगळ, टॉवरचा बेस नैसर्गिक असतो.’ या मुद्द्याला जरा जास्त वेळ द्यायला हवा. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.३ मीटर असते. इतक्या लांब लहरी कुठून येतात ते कानाला नीट ओळखता येत नाही, पण खोली मात्र त्यांच्याशी खेळ करते. ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद सुमारे ४३ हर्ट्झला येतो. भिंतींपाशी तो सूर घुमतो, खोलीच्या बरोबर मधोमध तो जवळपास नाहीसा होतो. आता पुढचे स्पीकर कुठे ठेवायचे हे पडदा ठरवतो, त्यांना फार हलवता येत नाही. म्हणजे टॉवरचा बेस खोलीत जिथे पडेल तिथे पडतो, आवडो न आवडो. सबवूफर मात्र हलवता येतो.

त्याची जागा शोधायची पद्धतही सोपी आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाची चाल असलेला एकच तुकडा फिरवून फिरवून लावा आणि कान जमिनीजवळ ठेवत भिंतीकडेने रांगत फिरा. एका कोपऱ्यात नुसती घरघर ऐकू येते, हातभर पुढे एक सूर गायब होतो, आणि एका जागी सगळे सूर सारख्या वजनाने उमटतात. सबवूफर तिथे ठेवायचा. टॉवरसोबत ही मुभा मिळत नाही.

ठिगळासारखा आवाज येतो ही तक्रार मात्र खोटी नाही. ती येते मुठीएवढ्या सॅटेलाइट स्पीकरमुळे. ते १०० हर्ट्झच्या वरच थांबतात, मग क्रॉसओव्हर १२० किंवा १५० वर न्यावा लागतो आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग कोपऱ्यातल्या पेटीतून येऊ लागतो. बुकशेल्फ आणि सॅटेलाइट यांना एकाच माळेत ओवल्यामुळे हा गैरसमज पसरला आहे.

‘मोठ्या आवाजात दमतात.’ हिशेब करून पाहू. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८७ डेसिबल, बसायची जागा ३ मीटरवर. मोकळ्या हवेचा हिशेब धरला तर एका वॅटला तिथे सुमारे ७७.५ डेसिबल पोहोचतात. सिनेमागृहाच्या रेफरन्स, म्हणजे ठरवून दिलेल्या, पातळीवर मुख्य चॅनेलचे शिखर १०५ डेसिबलचे असते, आणि तिथे असा बुकशेल्फ पोहोचत नाही हे मान्य. पण घरात त्या पातळीवर फार थोडे लोक ऐकतात. १५ डेसिबल खाली ऐकलं तर शिखर ९० डेसिबलचे, त्यासाठी सुमारे १८ वॅट लागतात. ९० डेसिबलच्या टॉवरला तेच काम ९ वॅटमध्ये जमतं. फरक आहे, पण तो ‘दमला’ म्हणण्याइतका नाही. हॉल लांबरुंद असेल, पाच-सहा मीटरवर बसायचं असेल आणि आवाज खरोखर सिनेमागृहाइतका हवा असेल, तर टॉवर किंवा जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्यावेत. सबवूफरशिवाय फक्त दोन चॅनेलवर संगीत ऐकणाऱ्यांनीही टॉवरच पाहावेत.

‘डब्यातून आल्यासारखा आवाज.’ असा आवाज आलेले लोक मीही पाहिले आहेत, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी स्पीकर टीव्हीच्या कपाटातल्या खणात कोंबलेला होता. नावातल्या ‘शेल्फ’ने घात केला. मागे पोर्ट (हवेसाठी भोक) असलेला स्पीकर बंद खणात ठेवला की खर्ज फुगतो आणि भोवतालच्या फळ्या मधल्या सुरांना परत फेकतात. तो साधारण ६० सेंटिमीटरच्या स्टँडवर, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला येईल असा, भिंतीपासून थोडा पुढे ठेवावा. जागा वाचते असं मात्र समजू नका. स्टँड टॉवरइतकीच जमीन अडवतो.

शेवटचा मुद्दा त्या मजकुरात नसतोच, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. सिनेमातले जवळपास सगळे संवाद सेंटर, म्हणजे पडद्याजवळच्या मधल्या, स्पीकरमधून येतात. टॉवरसोबत मिळणारा सेंटर बहुधा आडवा असतो, मध्ये ट्वीटर आणि दोन बाजूंना दोन वूफर. त्याच्या समोरून बाजूला सरकलात की दोन वूफरचा आवाज काही सुरांत एकमेकांना खातो आणि सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला शब्द पुसट ऐकू येतात. टॉवर तर टीव्हीखाली मावत नाही. बुकशेल्फ घेतले, तर पडद्याखाली उंचीला जागा असेल तिथे त्याच मॉडेलचा तिसरा नग उभा ठेवता येतो. मग पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज मध्ये रंग बदलत नाही, आणि टोकाला बसलेला माणूस ‘काय म्हणाला तो?’ असं विचारत नाही.