वाद्य आपोआप लागत नाही

गेल्या हिवाळ्यात व्हिएन्नातल्या एका तळघरातल्या छोट्या नाट्यगृहात मी एक प्रयोग पाहिला. मंचावर एक पियानो आणि एकच माणूस, पेशाने शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा. आल्या आल्या त्याने पियानोचं झाकण उघडलं, खिशातून किल्ली काढली आणि एका सुराच्या तीन तारांपैकी एक किंचित सैल केली. मग तो सूर वाजवला. सूर हलायला लागला, मोठा-लहान होत. किती वेळा हलतो ते त्याने आम्हाला मोजायला लावलं. सेकंदाला चारदा. म्हणजे दोन तारांच्या वारंवारतेत, सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येत, चारचा फरक, तो म्हणाला, आणि हा फरक तुम्ही आत्ता कुठल्याही यंत्राशिवाय, नुसत्या कानाने मोजलात.

पुढे त्याने विचारलं, पियानो आपोआप बेसूर का होतो आणि आपोआप सुरात का येत नाही? पियानोला सुमारे 230 तारा. त्या सगळ्या सुरात असण्याची रीत जवळजवळ एकच, बेसूर असण्याच्या रीती अगणित. कोणी किल्ली पिळली नाही तर तारा अगणिताकडेच जाणार. हे सांगता सांगता तो शूबर्ट वाजवत होता, त्या सैल तारेसकट, आणि दर वेळी ती तार आली की सभागृहातले सगळे एकदम दचकत होते.

तिथून तो बोल्ट्झमनवर आला. भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन व्हिएन्नाचाच. लहानपणी लिंझमध्ये तो संगीतकार आंतोन ब्रुकनरकडे पियानो शिकला आणि वाजवायचं आयुष्यभर सोडलं नाही. रीती मोजण्याचं गणित त्याचं. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याच्या थडग्यावर ते एका ओळीत कोरलंय: एस बरोबर के लॉग डब्ल्यू. त्यातला डब्ल्यू म्हणजे त्या रीतींची संख्या, एस म्हणजे विस्कळीतपणाचं माप, के हा ठरलेला आकडा. बेथोवन, शूबर्ट, ब्राम्स त्याच दफनभूमीत आहेत. अणू खरेच आहेत का, यावर याच शहरात अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञ-तत्त्वज्ञाशी त्याचा वाद होता. 1903 साली बोल्ट्झमनने तत्त्वज्ञानाची व्याख्यानं सुरू केली तेव्हा ऐकायला इतकी गर्दी झाली की सभागृह पुरेना. तीन वर्षांनी दुईनोला त्याने आपलं आयुष्य संपवलं. हे सांगताना तो शिक्षक वाजवायचा थांबला. मग म्हणाला, काळ पुढेच का जातो याचं उत्तर या माणसाने दिलं, आणि ते उत्तर या पियानोत आहे.

मराठीत कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातला नाच डोळ्यांपुढे येतो. जर्मनमधलं 'काबारेट' ही वेगळी गोष्ट आहे. छोटा मंच, एकदोन माणसं, गाणं, बोलणं, विनोद, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याला काम. मूळ पॅरिसचं, 1881 च्या 'ल शा नुआर' या मंचाचं, जिथे संगीतकार एरिक साती पियानोवर बसायचा. व्हिएन्नातलं 'सिंप्ल' 1912 मध्ये सुरू झालं, ते आजही चालू आहे. विज्ञानही या मंचावर नवं नाही. 'सायन्स बस्टर्स' हा इथला गट 2007 पासून तेच करतोय.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मध्यंतरात त्या मला त्यांच्या माहेरच्या पियानोबद्दल सांगू लागल्या, आणि बोलता बोलता 'वारंवारता'साठीचा जर्मन शब्द असा सहज वापरला की जणू भाजीचा भाव सांगताहेत. घरी परतताना ट्राममध्ये तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

कारण त्याच दिवशी मिरजेहून वहिनीचा फोन आला होता. माझा भाचा आठवीत आहे, मराठी शाळेत, पण सेमी इंग्रजीत. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पुस्तक इंग्रजी, बाई समजावतात मराठीत, उत्तरं पुन्हा इंग्रजीत पाठ करायची. ध्वनीचा धडा त्याने पाठ केला होता. फ्रीक्वेन्सीची व्याख्या त्याला येत होती. मी विचारलं, "वारंवारता म्हणजे काय रे?" तर त्याने तो शब्दच ऐकला नव्हता.

मराठीसाठी आपल्याकडे अलीकडे पुष्कळ काही झालं. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, माणसं रस्त्यावर उतरली, जूनअखेर सरकारने तो मागे घेतला. तो विरोध मला मनापासून पटला. पण ज्या शाळांमध्ये मराठी टिकावी म्हणून आपण भांडलो, त्याच शाळांमधून गणित आणि विज्ञान आपण स्वतःच्या हाताने काढून घेतलंय. त्यासाठी मोर्चा निघाला नाही. उलट पालकांनीच ते मागितलं.

वहिनीला मी हे बोलले. ती म्हणाली, "ताई, अकरावीला विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीतच आहे. तेव्हा अडखळण्यापेक्षा आत्ताच सवय झालेली काय वाईट?" तिचं चुकत नाही. आई म्हणून मीही तेच केलं असतं. आणि इथलंही सगळं सोन्याचं नाही. व्हिएन्ना विद्यापीठातसुद्धा भौतिकशास्त्राचं वरचं शिक्षण आता इंग्रजीत चालतं, शोधनिबंध तर इंग्रजीतच. श्रोडिंगरने 1926 साली आपलं समीकरण जर्मनमध्ये मांडलं होतं, ते दिवस इथेही संपले. फरक इतकाच की निबंध इंग्रजीत लिहिणारा माणूस संध्याकाळी जर्मनमध्ये तेच सांगू शकतो, आणि ऐकणारी आजी ते घेऊ शकते, कारण शाळेत दोघांनी ते जर्मनमध्ये शिकलंय. वरच्या मजल्यावर भाषा बदलली म्हणून खालचे मजले कोणी पाडले नाहीत.

जर्मन मोठी भाषा आहे, असं कोणी म्हणेल. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते.

आणि एकट्या माणसाने गात, बोलत, हसवत तत्त्वज्ञान सांगायचं, हा प्रकार आपल्याला काही बाहेरून आणायला नको. कीर्तन आहे. पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग आख्यान. साथीला पेटी-तबला, पण सगळा भार उभ्या असलेल्या एका माणसावर. गाडगेबाबा याच रीतीने समोरच्यांना प्रश्न विचारत विचारत स्वच्छता, कर्ज, पशुबळी यांवर बोलले. टिळकांच्या काळात राष्ट्रीय कीर्तनाने त्यातून स्वदेशी सांगितली. सत्यशोधकांनी आणि आंबेडकरी शाहिरांनी जलशांतून जातीचा प्रश्न गावोगाव नेला. विज्ञानासाठी 1966 पासून मराठी विज्ञान परिषद निष्ठेने काम करतेय, जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं आणि बोलून दाखवलं. मला हवा आहे तो त्यापुढचा माणूस: नारदाच्या गादीवर उभा राहून भौतिकशास्त्राचं निरूपण करणारा.

त्याला पूर्वरंगासाठी काय लागेल? तंबोरा आणि पेटी, बस. षड्ज 240 चा धरा, म्हणजे सेकंदाला 240 कंपनं. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो त्या सप्तकात आणला की बरोबर 300 वर येतो. पेटीचा गंधार 302 च्या किंचित वर, कारण पेटीने सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत. दोन्ही एकत्र वाजले की सूर हलतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली, तिच्या बाजूने आणि विरुद्ध जे वाद झाले, त्यातला एक मोठा वाद याच दोन-अडीच आकड्यांचा. पंचम म्हणजे दीडपट, सप्तक म्हणजे दुप्पट; बारा पंचम एकावर एक रचले तर सात सप्तकांच्या जरासे पुढे जातात, 128 च्या जागी 129.75 पट. हा फरक कुठेतरी मुरवावाच लागतो. पेटीने तो सगळ्या सुरांत वाटून टाकला, गवयाने तो वाटायला नकार दिला. कुणी किती सोसायचं, यावर यापेक्षा चांगलं निरूपण सुचत नाही मला.

भाचा राहतो त्या घरापासून सतारमेकरांची दुकानं दहा मिनिटांवर आहेत. भोपळे वाळत घातलेले, तारांखालची घोडी घासून जवारी काढत बसलेली माणसं, हे तो रोज बघतो. मी त्याला म्हटलं, घड्याळ घेऊन जा, तंबोऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे एकाच सुराच्या, दोन तारा लावताना सूर किती वेळा हलतो ते मोज आणि मला कळव.

परवा त्याचा आवाज आला फोनवर, मागे तंबोरा वाजत होता. "आत्या, आधी सेकंदाला पाचदा हलत होता. काकांनी खुंटी जराशी पिळली, तीनदा झाला. मग मणी सरकवला आणि थांबलाच एकदम. थांब, परत करायला सांगतो त्यांना, ऐक."